‘टू’ मध्ये नाव टाइप केले तरी पत्ता येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्या निमित्ताने अनेक कार्यालयांनी जुने लॅपटॉप परत घेऊन नवे दिले. नव्या लॅपटॉपवर मेल दिसू लागले, फाइली आल्या, प्रिंटरही जोडला गेला. पण ‘टू’ च्या रकान्यात दोन अक्षरे टाइप करताच खाली उघडणारी नावांची यादी मात्र रिकामी निघाली. संगणक मदत कक्षाकडे येणाऱ्या तक्रारींत ही तक्रार दिसायला किरकोळ असते, परंतु ज्या व्यक्तीला दिवसाला पन्नास मेल पाठवायचे असतात तिचे काम यामुळे खरोखरच अडते. पुढील उत्तरे प्रामुख्याने विंडोजवरील पारंपरिक आउटलुक, म्हणजे ज्याला आता ‘क्लासिक’ म्हणतात ते, वापरणाऱ्यांसाठी आहेत; जीमेल आणि थंडरबर्ड (आउटलुकसारखाच आणखी एक मेल प्रोग्रॅम) यांविषयी शेवटाकडे स्वतंत्र उत्तरे दिली आहेत. कार्यालयीन लॅपटॉपवरील मेनू बहुधा इंग्रजीत असल्याने त्यांची नावे पडद्यावर वाचली जातात तशीच देवनागरीत लिहिली आहेत.

नाव टाइप केल्यावर मेल आयडी येत नाही. माझे सगळे संपर्क गेले का?

बहुतेक वेळा नाही. आउटलुकमध्ये पत्ते तीन ठिकाणी असतात आणि ही तीन ठिकाणे एकच आहेत असे समजल्यामुळे निम्मा गोंधळ होतो. पहिले ठिकाण म्हणजे ‘कॉन्टॅक्ट्स’, जिथे आपण स्वतः नाव, दूरध्वनी आणि पत्ता भरून ठेवतो. दुसरे म्हणजे कार्यालयाची सामाईक निर्देशिका, जी ‘ग्लोबल अ‍ॅड्रेस लिस्ट’ या नावाने दिसते आणि जिची देखभाल प्रशासक करतो. तिसरी म्हणजे ‘ऑटो-कम्प्लीट लिस्ट’, जी आपण कोणाकोणाला मेल पाठवले यावरून आउटलुक आपल्या नकळत तयार करत जाते. गेलेली असते ती ही तिसरी यादी. ती आपल्या सवयीची नोंद असते; तिला पत्त्यांची वही मानून वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांनाच तिच्या जाण्याचा फटका सर्वाधिक बसतो, कारण ‘कॉन्टॅक्ट्स’ उघडल्यावर तिथे जेमतेम पाच-सात नावे सापडतात.

ही यादी लॅपटॉपवर असते की सर्व्हरवर?

या प्रश्नाचे उत्तर आउटलुकची आवृत्ती आणि मेलखात्याचा प्रकार या दोहोंवर अवलंबून आहे आणि यादी परत मिळण्याची शक्यता त्यावरच ठरते. आउटलुक २००३ आणि २००७ मध्ये ही यादी लॅपटॉपवर एका स्वतंत्र फाइलमध्ये असे. त्या फाइलला प्रोफाइलचेच (म्हणजे खाते व त्याची मांडणी आउटलुक ज्या नावाखाली ठेवते त्याचेच) नाव असे आणि शेवटी ‘एनके२’ हे प्रत्यय-अक्षर लागे. आउटलुक २०१० पासून पद्धत बदलली. आता ही यादी मूळ मेलपेटीतच एका लपवलेल्या संदेशाच्या रूपात साठवली जाते आणि तिची एक प्रत लॅपटॉपवर ‘रोमकॅश’ नावाच्या फोल्डरात राहते.

मेलखाते एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा कार्यालयीन मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चे असेल, तर मेलपेटी सर्व्हरवर असते आणि तो लपवलेला संदेशही तिच्याबरोबर सर्व्हरवर जातो. त्यामुळे अशा खात्यात नव्या लॅपटॉपवर तीच मेलपेटी मुख्य म्हणून जोडली की यादी सहसा आपोआप परत येते. खाते पॉप किंवा आयमॅप (मेल सर्व्हरवरून लॅपटॉपवर उतरवण्याच्या दोन सर्वसाधारण पद्धती) प्रकारचे असेल, जसे लहान कार्यालयांत स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाने घेतलेले खाते बहुधा असते, तर परिस्थिती वेगळी आहे. आयमॅपमध्ये सर्व्हरवर मेल राहतात, परंतु हा लपवलेला संदेश राहत नाही. तो लॅपटॉपवरील डेटा फाइलमध्येच असतो. तेव्हा लॅपटॉप फॉरमॅट झाला की मेल परत उतरतात, यादी उतरत नाही.

लॅपटॉप तोच आहे, काल यादी येत होती आणि आज येत नाही. असे का होते?

सर्वांत आधी साधी गोष्ट तपासावी. ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘मेल’ येथे जाऊन ‘सेंड मेसेजेस’ या भागात ऑटो-कम्प्लीट वापरण्याच्या पर्यायासमोर खूण आहे ना ते पाहावे. कित्येकदा ती खूण कोणाच्या तरी हातून निघालेली असते, किंवा प्रशासकाने धोरण म्हणून हा पर्याय बंद केलेला असतो. त्या पर्यायाला लागूनच यादी रिकामी करण्याचे बटण आहे, ‘एम्प्टी ऑटो-कम्प्लीट लिस्ट’ या नावाचे. ते दाबू नये. इतके घातक बटण इतक्या हाताशी का ठेवले आहे, हे कोडे अद्याप सुटलेले नाही.

खूण जागेवर असेल, तर आउटलुकची प्रोफाइल बदलली आहे का, याचा विचार करावा. आउटलुक उघडत नाही अशी तक्रार केल्यावर मदत करणारा तंत्रज्ञ पुष्कळदा जुनी प्रोफाइल काढून नवी तयार करतो. मेल पुन्हा दिसू लागतात म्हणून सगळे समाधानी होतात आणि यादीची आठवण दुसऱ्या दिवशी येते. तसाच परिणाम मुख्य डेटा फाइल बदलल्यानेही होतो. ‘अकाउंट सेटिंग्ज’ मधील ‘डेटा फाइल्स’ या भागात दोन-तीन फाइली दिसत असतील आणि मुख्य असल्याची खूण आज वेगळ्याच फाइलसमोर असेल, तर आउटलुक त्या दुसऱ्या फाइलमधली यादी दाखवत आहे. जुनी यादी नष्ट झालेली नाही. पूर्वीची फाइल पुन्हा मुख्य केली आणि आउटलुक बंद करून उघडले, की ती परत दिसू शकते.

तिसरे कारण विंडोजशी संबंधित आहे. काही वेळा वापरकर्त्याची प्रोफाइल नीट न उघडल्यामुळे विंडोज एक तात्पुरती प्रोफाइल तयार करून आत घेते. डेस्कटॉप कोरा दिसणे, नेहमीचे चिन्ह जागेवर नसणे, आउटलुकने पहिल्या दिवसासारखे खाते जोडायला सांगणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी त्या अवस्थेत काम करत राहू नये, कारण साइन आउट करताच त्यात साठवलेले सारे पुसले जाते. ताबडतोब आयटी विभागाला कळवावे.

शेवटचे कारण म्हणजे बंद करण्याची घाई. आउटलुक दिवसभरातील नव्या नोंदी प्रामुख्याने नीट बंद होताना यादीत लिहून ठेवते. बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला, किंवा संध्याकाळी लोकल पकडण्याच्या घाईत पॉवरचे बटण दाबून धरले, तर त्या दिवसाच्या नोंदी जाऊ शकतात आणि क्वचित फाइलच बिघडू शकते.

यादी गेल्याचे लक्षात आल्यावर सर्वांत आधी काय करावे?

आउटलुक बंद करावे आणि ‘रोमकॅश’ फोल्डराची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. आउटलुक चालू ठेवून मेल पाठवत राहिल्यास नवी, छोटी यादी तयार होत जाते आणि जुनी परत बसवण्याचे काम अवघड होते.

फोल्डर शोधण्यासाठी विंडोजची कळ आणि आर एकदम दाबावे. उघडलेल्या चौकटीत ‘लोकलअ‍ॅपडेटा’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता आणि दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह लावून टाइप करावा. जो फोल्डर उघडेल त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘आउटलुक’ आणि त्यात ‘रोमकॅश’ आहे. एरवी हा मार्ग दिसत नाही, कारण ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डर विंडोजने लपवलेला असतो. आत अनेक फाइली दिसतील. आपल्याला हवी असलेली फाइल ‘स्ट्रीम_ऑटोकम्प्लीट’ या शब्दांनी सुरू होते, पुढे तिला अक्षरे व आकड्यांची लांबलचक माळ असते आणि शेवटी ‘डॅट’ असते. अशा दोन फाइली दिसल्या, तर त्यांचे आकार आणि बदलाच्या तारखा पाहाव्यात. जी जुनी आणि आकाराने मोठी आहे ती बहुधा आपली हरवलेली यादी असते.

जुनी फाइल सापडली. ती नव्या लॅपटॉपवर कशी बसवावी?

नव्या लॅपटॉपवर आउटलुक उघडून स्वतःलाच किंवा सहकाऱ्याला एक चाचणीचा मेल पाठवावा आणि आउटलुक बंद करावे. असे केल्याने तिथे नवी, जवळजवळ रिकामी ‘स्ट्रीम_ऑटोकम्प्लीट’ फाइल तयार होते. तिचे पूर्ण नाव, त्या लांबलचक माळेसह, कॉपी करून घ्यावे. मग त्या नव्या फाइलच्या नावापुढे ‘रिकामी’ किंवा असाच एखादा शब्द जोडून तिला बाजूला करावे, सापडलेली मोठी फाइल त्याच फोल्डरात आणावी आणि तिला नुकतेच कॉपी केलेले नाव द्यावे. नाव एका अक्षरानेही चुकले तर आउटलुक ती फाइल ओळखत नाही. त्यानंतर आउटलुक उघडून ‘टू’ मध्ये एखाद्या नेहमीच्या व्यक्तीचे नाव टाइप करून पाहावे.

ही पद्धत पॉप व आयमॅप खात्यांवर अधिक उपयोगी पडते. एक्स्चेंजच्या खात्यात मेलपेटीतील लपवलेला संदेश लॅपटॉपवरील प्रतीवर मात करू शकतो आणि बसवलेली यादी पुन्हा रिकामी झालेली दिसते. तेव्हा प्रशासकाची मदत घ्यावी लागते. मायक्रोसॉफ्टचे ‘एमएफसीमॅपी’ नावाचे साधन वापरून तो लपवलेला संदेश पाहता येतो आणि त्यातील यादी बाहेर काढता येते. हे साधन मेलपेटीच्या अगदी पोटात हात घालते, म्हणून सरावाशिवाय ते कोणी वापरू नये.

जुनी फाइल ‘एनके२’ प्रकारची असेल, म्हणजे एखादा फार जुना लॅपटॉप कपाटातून निघाला असेल, तर तीही नव्या आउटलुकमध्ये घेता येते. फाइलला चालू प्रोफाइलचेच नाव देऊन ती ‘अ‍ॅपडेटा’ मधील ‘रोमिंग’ फोल्डराखालच्या ‘आउटलुक’ फोल्डरात ठेवावी लागते आणि आउटलुक ‘इम्पोर्टएनके२’ या आज्ञेसह सुरू करावे लागते.

एक सावधगिरी मुद्दाम नोंदवतो. यादी ‘दुरुस्त’ करण्यासाठी ‘क्लीनऑटोकम्प्लीटकॅश’ ही आज्ञा चालवावी, असा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. ती आज्ञा यादी दुरुस्त करत नाही, पूर्ण पुसून टाकते. फाइल बिघडली आहे अशी शंका असेल, तर आउटलुक बंद करून ‘रोमकॅश’ फोल्डराचेच नाव बदलून ठेवावे. आउटलुक नवा फोल्डर तयार करते आणि जुना आपल्या हाती शाबूत राहतो.

जुना लॅपटॉप फॉरमॅट झाला, फाइल नाही आणि खाते आयमॅपचे आहे. आता काही उपाय आहे का?

आहे, पण तो मेहनतीचा आहे. आपण ज्यांना मेल पाठवले त्यांचे पत्ते ‘सेंट आयटम्स’ मध्ये आहेतच. ‘फाइल’, ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’, ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’ या मार्गाने ‘सेंट आयटम्स’ हा फोल्डर सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये काढावा. निर्यात करताना रकाने निवडण्याची सोय असते. तिथे फक्त ज्याला मेल पाठवला त्या व्यक्तीचे नाव आणि पत्ता हे रकाने ठेवले तर फाइल आटोपशीर होते. मेलचा मजकूर सोबत घेतल्यास ओळी तुटतात आणि एक्सेलमध्ये सगळा खेळखंडोबा होतो. मग एक्सेलमध्ये पुनरुक्ती काढून ती यादी ‘कॉन्टॅक्ट्स’ मध्ये आयात करावी.

यात दोन अडचणी येतात. ज्या मेलमध्ये एकाच वेळी दहा जणांना पाठवलेले असते, तिथे दहाही पत्ते अर्धविरामांनी जोडून एकाच चौकटीत येतात आणि ते सुटे करावे लागतात. दुसरी अडचण खास आपली आहे: ज्यांची नावे देवनागरीत साठवली होती, ती या पद्धतीच्या सीएसव्ही फाइलमध्ये अनेकदा प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन बाहेर पडतात. पत्ता मात्र सुरक्षित असतो, कारण तो रोमन अक्षरांत असतो. नावे पुन्हा लिहावी लागतात.

एवढा खटाटोप सर्वांनीच करण्याची गरज नाही. ज्यांचे रोजचे पत्रव्यवहार पंधरा-वीस जणांशी आहेत, त्यांनी प्रत्येकाचा एखादा जुना मेल उघडून त्याला उत्तर द्यावे आणि पत्त्यावर माउसची उजवी कळ दाबून तो ‘कॉन्टॅक्ट्स’ मध्ये घालावा. आठवड्याभरात यादी पुन्हा भरते.

सगळी यादी नाही, काहीच नावे गायब आहेत. त्याचे कारण काय?

यादीची मर्यादा नेहमीच्या रचनेत १००० नोंदींची आहे. ती भरली की कमी वापरातली नावे गळतात. वर्षातून एकदाच, लेखापरीक्षणाच्या वेळी, ज्यांना मेल जातो त्यांचे नाव नेमके त्याच वेळी सापडत नाही ते यामुळे. दुसरी शक्यता अशी की, सुचवलेल्या नावापुढील फुलीवर चुकून टिचकी पडली किंवा नाव निवडलेले असताना डिलीट कळ दाबली गेली. तेवढी एक नोंद कायमची जाते आणि आउटलुक खात्री करून घेण्यासाठी विचारतही नाही.

पत्ता येतो, पण मेल परत येतो. व्यक्ती तर त्याच कार्यालयात आहे!

हा प्रश्न यादी हरवण्याच्या नेमका उलटा आहे; येथे यादी गरजेपेक्षा जास्त लक्षात ठेवते. एक्स्चेंजवर आपल्याच संस्थेतील सहकाऱ्याला मेल पाठवला की आउटलुक त्याचा नेहमीचा ईमेल पत्ता साठवत नाही, तर सर्व्हरच्या अंतर्गत निर्देशिकेतील त्याचा लांबलचक पत्ता साठवते. ती व्यक्ती नोकरी सोडून परत आली, तिची मेलपेटी काढून नवी केली, किंवा संस्थेने स्वतःच्या सर्व्हरवरून मायक्रोसॉफ्ट ३६५ वर स्थलांतर करताना ती नोंद सोबत आणली नाही, तर पडद्यावर तेच ओळखीचे नाव दिसते, पण त्यामागचा पत्ता अस्तित्वात नसतो. परत आलेल्या मेलमध्ये ५.१.१ हा क्रमांक आणि ‘आयएमसीईएईएक्स’ या अक्षरांनी सुरू होणारी अगम्य ओळ दिसली, तर कारण हेच असल्याची जवळजवळ खात्री बाळगावी.

वापरकर्त्याने करायचा उपाय सोपा आहे. ‘टू’ मध्ये नाव टाइप करून यादीत ते दिसले की समोरची फुली दाबून ती नोंद काढावी आणि तीच व्यक्ती ‘ग्लोबल अ‍ॅड्रेस लिस्ट’ मधून नव्याने निवडावी. परंतु शंभर जणांच्या लॅपटॉपवर तीच जुनी नोंद असेल, तर शंभर जणांना फुली दाबायला सांगणे व्यवहार्य नाही. तेव्हा प्रशासकाने तो जुना अंतर्गत पत्ता ‘एक्स५००’ प्रकारचा पर्यायी पत्ता म्हणून नव्या मेलपेटीला जोडावा. परत आलेल्या ओळीतील अधोरेषांच्या जागी तिरप्या रेषा घालाव्यात, अधिक चिन्हासह आलेल्या २० च्या जागी मोकळी जागा, २८ च्या जागी उघडणारा कंस आणि २९ च्या जागी मिटणारा कंस लिहावा, सुरुवातीची ‘आयएमसीईएईएक्स’ ही अक्षरे आणि शेवटचा ‘अ‍ॅट’ नंतरचा भाग काढावा, म्हणजे जोडण्याजोगा पत्ता तयार होतो. हे एकदा केले की जुन्या याद्या जशाच्या तशा चालू लागतात.

‘न्यू आउटलुक’ चे बटण सरकवले आणि सुचवली जाणारी नावे बदलली. हे अपेक्षित आहे का?

होय. नवे आउटलुक बाहेरून तसेच दिसत असले तरी आतून तो वेगळा प्रोग्रॅम आहे. तो ‘रोमकॅश’ मधील फाइल वाचत नाही. सर्व्हरवरील मेलपेटी आणि निर्देशिका यांच्या आधारे नावे सुचवतो. त्यामुळे वर सांगितलेली फाइल बसवण्याची पद्धत तिथे लागू पडत नाही. बटण मागे सरकवून क्लासिक आउटलुक उघडल्यास जुनी यादी सहसा जागेवरच सापडते. कायमचे नव्याकडे जायचे असेल, तर महत्त्वाचे पत्ते आधी ‘कॉन्टॅक्ट्स’ मध्ये घालून घ्यावेत. एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या खात्यात ते दोन्हीकडे दिसतात.

आमच्या कार्यालयात जीमेल आहे. तिथे काय करावे?

जीमेलमध्ये यादी गूगलच्या सर्व्हरवर असल्याने लॅपटॉप बदलण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. तरीही नावे येत नसतील, तर प्रथम ब्राउझरमध्ये कार्यालयाच्या खात्याऐवजी आपले खासगी खाते उघडलेले नाही ना, हे पाहावे; या एका तपासणीत बऱ्याच तक्रारी निकाली निघतात. त्यानंतर जीमेलच्या सेटिंगमधील ‘जनरल’ भागात ऑटो-कम्प्लीटसाठी संपर्क आपोआप तयार करण्याचा पर्याय चालू आहे का ते पाहावे. तो चालू असताना नव्या व्यक्तीला मेल पाठवला की तिचा पत्ता ‘अदर कॉन्टॅक्ट्स’ मध्ये जमा होतो. संपर्क चुकून पुसले गेले असतील, तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये मागील ३० दिवसांपर्यंतचे बदल उलटवण्याची सोय आहे. म्हणून तक्रार करायला महिना लावू नये.

आणि थंडरबर्डमध्ये?

थंडरबर्ड पाठवलेल्या मेलमधील पत्ते ‘कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस’ नावाच्या पत्तावहीत जमा करतो. ती वही उघडून पाहता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. ती प्रोफाइल फोल्डरात ‘हिस्टरी’ नावाच्या फाइलमध्ये असते. २०२० मध्ये आलेल्या ७८ व्या आवृत्तीपासून ही फाइल ‘एसक्यूलाइट’ प्रकारची झाली, त्याआधी ती ‘मॅब’ प्रकारची होती. लॅपटॉप बदलताना पूर्ण प्रोफाइल फोल्डर उचलून नेल्यास पत्त्यांसह सारे काही जसेच्या तसे येते.

ब्राउझरची हिस्टरी साफ केल्यामुळे आउटलुकची यादी जाते का?

नाही. ब्राउझर जे पत्ते भरतो ते संकेतस्थळांवरील अर्जांसाठी असतात आणि त्यांचा क्लासिक आउटलुकशी संबंध नसतो. मात्र ‘संगणक वेगवान करा’ म्हणणाऱ्या सफाईच्या काही प्रोग्रॅमवर भरवसा ठेवू नये. काय काय पुसायचे याची त्यांची यादी कोणी वाचत नाही.

या यादीमुळे मेल भलत्यालाच गेला. ती बंदच ठेवावी का?

ज्या कार्यालयात तीन कुलकर्णी आणि चार पाटील आहेत तिथे हे होणारच. आमच्याकडे एकदा पगाराचा तपशील आतल्या जोशींऐवजी बाहेरच्या पुरवठादार जोशींकडे गेला होता, कारण दोन अक्षरांनंतर वर आलेले पहिले नाव न वाचताच एंटर दाबले गेले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आल्यानंतर अशा चुकीकडे गंमत म्हणून पाहता येत नाही. तरीही माझ्या मते यादी सरसकट बंद करणे हा उपाय नाही. ती बंद केली की लोक पत्ते हाताने टाइप करतात आणि एका अक्षराची चूक होऊन मेल पुन्हा भलतीकडेच जातो. मनुष्यबळ आणि वेतन विभागांपुरती यादी बंद ठेवून तिथे निर्देशिकेतूनच नाव निवडण्याची शिस्त लावणे योग्य वाटते. इतरांनी बाहेरच्या समान नावाच्या व्यक्तींच्या नोंदी फुली दाबून काढाव्यात आणि त्यांना ‘कॉन्टॅक्ट्स’ मध्ये संस्थेच्या नावासह साठवावे.

लॅपटॉप पुढच्या आठवड्यात बदलणार आहे. आयटी विभागाला नेमके काय सांगावे?

आयटी विभाग सहसा ‘डॉक्युमेंट्स’, ‘डेस्कटॉप’ आणि मेलच्या डेटा फाइली हलवतो. ‘रोमकॅश’ हा ‘अ‍ॅपडेटा’ मधील ‘लोकल’ भागात असल्याने रोमिंग प्रोफाइल (वापरकर्त्याची मांडणी सर्व्हरवर ठेवून कोणत्याही लॅपटॉपवर देणारी सोय) असलेल्या कार्यालयांतही तो लॅपटॉपबरोबर मागेच राहतो. नावात ‘रोम’ असूनही तो कुठे फिरत नाही. म्हणून विनंतीच्या अर्जात या फोल्डराचे नाव स्पष्ट लिहावे, आउटलुक नीट बंद करून मगच प्रत काढण्यास सांगावे, आणि नव्या लॅपटॉपवर ‘टू’ मध्ये चार-पाच नावे टाइप करून खात्री होईपर्यंत जुना लॅपटॉप फॉरमॅट करू नये असे लेखी कळवावे. लॅपटॉप परत दिल्याची सही करण्याआधी ही चाचणी करावी, कारण सही झालेला लॅपटॉप दुपारपर्यंत पुसलेला असतो.